कंसातली चाल

१७ मे १९६६. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरातला फ्री ट्रेड हॉल. पूर्वार्धात अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन एकटाच गायला. साधी गिटार, गळ्यातल्या तारेच्या चौकटीत अडकवलेला माउथ ऑर्गन, आणि सभागृह एकदम चिडीचूप. मध्यंतरानंतर तो पाच साथीदार घेऊन आला. विजेवरच्या गिटारी, ऑर्गन, ड्रम. मग लोकांनी संथ, एका ठेक्यात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. गाणं बंद पाडायला वाजवतात तशा त्या टाळ्या होत्या. शेवटच्या गाण्याआधी जराशी शांतता झाली आणि अंधारातून कुणीतरी ओरडलं, "जूडास!"

हे ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षं चोरट्या तबकड्यांवर फिरत होतं, तेही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या चुकीच्या नावानं. अधिकृतपणे ते १९९८ साली बाहेर आलं. मी ते हेडफोन लावून अनेकदा ऐकलं आहे. ओरडणाऱ्याच्या पाठोपाठ काही जण टाळ्या वाजवतात, कुणी हसतं. डिलन गिटारच्या तारा उगाच छेडत राहतो. मग म्हणतो, "माझा नाही विश्वास बसत तुझ्यावर." थोडं थांबून, चढ्या आवाजात, "खोटारडा आहेस तू." मग साथीदारांकडे वळून एका शिवीसकट सांगतो, मोठ्यांदा वाजवा. ड्रमवर एक सणसणीत टोला पडतो आणि 'लाइक अ रोलिंग स्टोन' सुरू होतं. त्या टोल्याला आजही माझ्या अंगावर काटा येतो.

जूडास म्हणजे तीस चांदीच्या नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा शिष्य. ज्याला हे नाव ठेवलं गेलं तो ज्यू घरात जन्मलेला पंचवीस वर्षांचाही न झालेला मुलगा होता, हे लक्षात घेतलं की ती हाक आणखी बोचते. त्यालाही ती विसरता आली नाही. सेहेचाळीस वर्षांनी, २०१२ साली, एका मुलाखतीत त्याला विचारलं गेलं की तुमच्या गाण्यांत दुसऱ्यांच्या ओळी सापडतात, त्याचं काय? तेव्हा तो उसळून म्हणाला, की हे तेच लोक आहेत ज्यांनी मला जूडास म्हटलं होतं, आणि कशासाठी, तर विजेची गिटार वाजवली म्हणून. लोकसंगीतात आणि जॅझमध्ये दुसऱ्याचं घेणं ही समृद्ध करणारी परंपराच आहे, असंही त्यानं सांगितलं.

मला वाटतं, इथेच डिलनची गफलत झाली, आणि त्याच्या चाहत्यांचीही होत आली आहे. त्याच्यावर दोन आरोप झाले. तू बदललास, हा पहिला. तू घेतलंस आणि कुणाचं घेतलंस ते सांगितलं नाहीस, हा दुसरा. पहिला आरोप साफ चुकीचा होता. त्या आरोपातून तो इतका झळाळून बाहेर पडला, की दुसऱ्या आरोपाचा जाब त्याला कुणी नीट विचारलाच नाही. जाब विचारायचा होता तो याच गोष्टीचा.

हे मला इतकं का लागतं ते सांगते. माझ्या आजोबांकडे संगीत नाटकांतल्या पदांची जुनी पुस्तकं होती. पानं पिवळी आणि इतकी ठिसूळ की दुमडलं की तुटायची. त्यात पदाच्या डोक्यावर कंसात, बारीक टाइपात 'चाल' असं लिहून पुढे मूळ गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द छापलेले असत. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या 'संगीत सौभद्र'सारख्या नाटकांची ही रीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी आणि पुढे देवलांनी चाली कुठून कुठून घेतल्या! लावणीतून, कीर्तनातून, कानडी गाण्यांतून, बैठकीतल्या चिजांमधून. चाल उसनी घेण्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही, आणि कुठून घेतली ते छापण्यातही वाटला नाही. लहानपणी मला तो कंस म्हणजे गाण्याचाच भाग वाटायचा. आजोबा पद म्हणायला लागण्याआधी कंसातलं मूळ गाणं अर्ध्या ओळीपुरतं गुणगुणायचे, स्वर धरायचे, आणि मग पद.

गावातल्या सप्ताहात याच्या उलटी तऱ्हा दिसायची. तिथे चाल मोकळी. एकच अभंग काल एका बुवांनी ठाय लयीत, डोळे मिटून म्हटला, आज दुसऱ्यांनी तो उभ्या उभ्या असा उचलला की टाळकऱ्यांचे पाय थिरकायला लागले. म्हातारे कुरकुरायचे, आमच्या वेळची चाल राहिली नाही म्हणायचे, आणि दुसऱ्या मिनिटाला टाळ घेऊन उभे राहायचे. पण 'तुका म्हणे' कुणी गाळत नसे. चाल ज्याची त्याची, नाममुद्रा मात्र तुकोबांची. डिलनबद्दलचं माझं सगळं म्हणणं मला या दोन आठवणींत सापडतं.

आता पहिला आरोप. डिलननं लोकसंगीत सोडलं असं म्हणणाऱ्यांना तो आला कुठून तेच ठाऊक नव्हतं. रॉबर्ट झिमरमनचा जन्म २४ मे १९४१ चा, मिनेसोटातल्या डुलुथचा. वाढला तो हिबिंग नावाच्या, लोखंडाच्या खाणींच्या गावात. तिथला हा पोरगा रात्री उशिरा दूर दक्षिणेतल्या रेडिओ स्टेशनांवरून येणारे ब्लूज आणि कंट्री ऐकायचा, शाळेच्या बँडमध्ये पियानो बडवत रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डची नक्कल करायचा. १९५९ च्या शाळेच्या वार्षिकात त्याच्या फोटोखाली महत्त्वाकांक्षा छापली आहे ती लिटल रिचर्डच्या बँडमध्ये जाण्याची. त्याच वर्षी ३१ जानेवारीला त्यानं डुलुथमध्ये रॉक अँड रोल गाणाऱ्या बडी हॉलीला प्रत्यक्ष ऐकलं. तीनच दिवसांनी हॉली विमान अपघातात गेला. ही आठवण डिलननं पुढे नोबेलच्या व्याख्यानात सुरुवातीलाच सांगितली.

म्हणजे वीज आधीची. साधी गिटार नंतरची. कॉलेजसाठी मिनियापोलिसला गेल्यावर ओडेटा या कृष्णवर्णीय गायिकेची तबकडी त्याच्या कानावर पडली आणि त्यानं आपली विजेची गिटार देऊन टाकून साधी घेतली. न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवातल्या मंडळींना जी घरवापसी दिसली नाही आणि जिला त्यांनी पलायन म्हटलं, ती खरं तर हिबिंगची वाट होती.

अर्थात साध्या गिटारचं ते पर्व खोटं होतं असं अजिबात नाही. जानेवारी १९६१ मध्ये तो न्यूयॉर्कला आला तो लोकगायक वुडी गथ्रीला भेटायचं मनात धरून. गथ्री तेव्हा हंटिंग्टनच्या आजारानं न्यू जर्सीतल्या एका इस्पितळात खिळलेला होता. हा एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे जायचा आणि गथ्रीला गथ्रीचीच गाणी म्हणून दाखवायचा. मार्च १९६२ मध्ये पहिला अल्बम आला. तेरा गाणी, त्यांतली स्वतःची दोन. दोघांतलं एक गाणं गथ्रीवरच आहे आणि त्याची चाल गथ्रीच्याच एका गाण्याची. शीर्षकात गथ्रीचं नाव. वीस वर्षांच्या मुलानं किती योग्य केलं होतं ते! चाल तुझी, नाव तुझं, शब्द माझे. पुढे मी जे मागणार आहे ते त्यानं तेव्हा आपणहून दिलं होतं.

मग 'ब्लोइंग इन द विंड', आणि २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या मोर्चात, जिथे मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते भाषण झालं, तिथे अडीच लाख लोकांपुढे बावीस वर्षांचा डिलन. नागरी हक्कांच्या चळवळीला आपला शाहीर मिळाला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. वर्षभरात त्याचा सूर बदलला. १९६४ च्या अल्बममध्ये मोर्चे नव्हते, माणसं होती, तुटलेली नाती होती, आणि आपणच काल किती ठामपणे बोलत होतो याबद्दलची शंका होती. 'सिंग आउट!' या लोकसंगीताच्या मासिकाचे संपादक अर्विन सिल्बर यांनी त्याला नोव्हेंबर १९६४ मध्ये जाहीर पत्र लिहिलं. तुझी गाणी आता आत वळली आहेत, लोकांशी तुझा संपर्क तुटतोय, असा त्यांचा रोख होता.

सिल्बर यांची मी चेष्टा करणार नाही. चळवळीत राहिलेल्या कुणालाही त्यांचं दुःख कळेल. मोर्च्याला गाणं लागतं, आणि ते लिहिणारं माणूस हजारात एखादं असतं. ते उठून गेलं तर मागे राहिलेल्यांना पोरकं वाटणारच. पण 'आत वळलेलं गाणं लोकांचं नसतं' हे गृहीतक मला मान्य नाही. मराठी माणसाला तर ते मान्य होऊच नये. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठ्यांनी 'माझी मैना' लिहिली, तेव्हा गावी राहिलेल्या बायकोची ओढ आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाची ओढ त्यांनी एकाच छक्कडीत अशी विणली, की घरचं कुठे संपतं आणि रस्त्यावरचं कुठे सुरू होतं ते वेगळं काढता येत नाही. डिलनही चळवळ सोडून कायमचा पळाला नव्हता. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कमध्ये मैफल केली, तेव्हा जवळजवळ सगळे जाहीर कार्यक्रम बंद ठेवलेला डिलन तिथे येऊन उभा राहिला आणि 'ब्लोइंग इन द विंड' गायला. १९७५ साली त्यानं रुबिन कार्टर या खुनाच्या आरोपात तुरुंगात असलेल्या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यासाठी आठ मिनिटांचं गाणं केलं. त्यात तपशिलाच्या चुका आहेत, पण त्यात झोकून देणंही आहे. कार्टर १९८५ साली सुटला. कुणी हाक मारली की जायचं आणि कुणी मालकी सांगितली की निघायचं, असा हा माणूस.

आणि न्यूपोर्ट. डिलन विजेची गिटार घेऊन मंचावर आला त्या २५ जुलै १९६५ च्या संध्याकाळबद्दल इतकं लिहिलं गेलंय की ती दंतकथाच झाली आहे. लोकसंगीताचे बुजुर्ग गायक पीट सीगर कुऱ्हाड घेऊन तारा तोडायला निघाले होते, वगैरे. सीगर स्वतः नंतर म्हणत, की आवाज इतका फाटत होता की शब्द कळत नव्हते, राग त्याचा होता. हुर्यो नेमकी कशामुळे झाली, विजेमुळे, वाईट आवाजामुळे की तीनच गाणी म्हणून बँड उतरला म्हणून, यावर अजून एकमत नाही. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. डिलनच्या मागे ड्रमवर सॅम ले होता आणि बासवर जेरोम अर्नल्ड. दोघे कृष्णवर्णीय, आणि दोघे आधी हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाच्या बँडमध्ये वाजवलेले. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून शिकागोच्या कारखान्यांकडे गेलेल्या लोकांनी तिथल्या गोंगाटी दारूच्या गुत्त्यांत आपला आवाज पोचावा म्हणून गिटारला वीज जोडली. त्या लोकांचं संगीत आपल्या हातांत घेऊन ते दोघे मंचावर उभे होते. मग त्या रात्री 'लोक' कुणाला म्हणायचं? मंचावरच्या त्या दोघांना, की खालून ओरडणाऱ्या, बहुतेक कॉलेजात शिकणाऱ्या गोऱ्या मुलांना? त्याच महोत्सवात पॉल बटरफील्डचा विजेवर वाजणारा ब्लूज बँडही होऊन गेला होता. म्हणजे वीज चालत होती. आपल्या पोरानं ती वापरलेली चालत नव्हती. लोकसंगीत शुद्ध ठेवायची ही जी हौस असते, ती बहुतेक वेळा लोकांपासून दूर बसलेल्यांची असते. शेतात गाणाऱ्याला ट्रान्झिस्टर मिळाला तर तो आनंदानं लावतो.

यानंतरचे बदल भराभर सांगते, कारण तत्त्व एकदा मान्य केलं की प्रत्येक वळणावर वेगळा खटला चालवायची गरज उरत नाही. जुलै १९६६ मध्ये मोटरसायकलचा अपघात, मग वुडस्टॉकजवळच्या एका घराच्या तळघरात जुन्या सुरांची उजळणी. १९६७ च्या शेवटी, सगळं जग रंगीबेरंगी झालेलं असताना, करड्या रंगाचा एक शांत अल्बम. त्याच्या मुखपृष्ठावर डिलनच्या बाजूला बंगालचे दोन बाऊल उभे आहेत, पूर्णदास आणि लक्ष्मणदास. (बाउलांच्या गाण्यातही शेवटी रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत आहे. हे मनात असू द्या.) १९६९ साली अचानक गुळगुळीत गळ्यानं म्हटलेली कंट्री गाणी. १९७५ चा 'ब्लड ऑन द ट्रॅक्स', ज्यातली निम्मी गाणी आधीच न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेली असताना त्यानं मिनियापोलिसला जाऊन पुन्हा नव्यानं गायली. माझ्या मते त्याच्या साऱ्या कामाचा हा कळस. १९७९ साली ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, आणि सॅन फ्रान्सिस्कोत ओळीनं चौदा प्रयोग ज्यांत एकही जुनं गाणं नाही. फक्त भक्तिगीतं, आणि मधे मधे नरकाची भीती घालणारी प्रवचनं. ती प्रवचनं मला आवडत नाहीत. गाणी मात्र आवडतात, आणि त्यातली भक्ती मला खरी वाटते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात काही अल्बम सरळ वाईट आहेत. २०१५ पासून तीन अल्बम बहुतेक फ्रँक सिनात्रानं गायलेल्या जुन्या गाण्यांचे. २०२० साली, एकोणऐंशीव्या वर्षी, केनेडींच्या हत्येवरचं सतरा मिनिटांचं गाणं, पठण म्हणावं असं, संथ, पियानोच्या कडेकडेनं चालणारं.

बदलायचा हक्क मान्य केला म्हणजे प्रत्येक बदलाला डोक्यावर घ्यावं लागतं असं नाही. 'मला हे आवडलं नाही' म्हणायचा श्रोत्याला पूर्ण हक्क आहे. 'हे करायचा तुला हक्क नाही' असं म्हणता येत नाही, एवढंच. १९८८ च्या जूनपासून तो जवळजवळ अखंड दौऱ्यावर आहे, आणि ज्या गाण्यांसाठी लोक तिकीट काढतात ती गाणी तो अशा बदललेल्या चालीत म्हणतो की दुसरं कडवं येईपर्यंत ओळख पटत नाही. लोक चिडतात. पैसे मोजलेल्या माणसाची चीड मला कळते. आपल्याकडे संगीत नाटकांत 'वन्स मोअर' मिळणं हा गवयाचा केवढा मान! पण त्यातही जो पुन्हा गाताना तेच पद नव्या जागा घेऊन रंगवायचा, त्यालाच तिसरा वन्स मोअर मिळायचा. तबकडीवरचं गाणं घरी आहेच. ते कुणी काढून घेत नाही. मैफलीत गायकानं आजचा गळा, आजचं वय आणि आजची समज घेऊन यावं, हेच रास्त आहे. साठ वर्षांपूर्वीच्या पोराची नक्कल करणारा ऐंशीचा म्हातारा पाहवला नसता.

इथपर्यंत मी पूर्णपणे डिलनच्या बाजूनं आहे. आता कंसाकडे येते.

'ब्लोइंग इन द विंड'ची चाल 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गाण्यातून आलेली आहे. लिलावाच्या चबुतऱ्यावर उभं राहून विकलं जाणं आता संपलं, असं सांगणारं गुलामीतून सुटलेल्या माणसांचं गाणं. डिलननं ते १९६२ साली न्यूयॉर्कच्या एका कॉफीघरात गायलं होतं, त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. चाल तिथून घेतल्याचं त्यानं मुलाखतीत कबूलही केलं आहे. 'मास्टर्स ऑफ वॉर'ची चाल 'नॉटामन टाउन' या गाण्याची, तीही केंटकीतल्या जीन रिची यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या गायली गेलेली. रिची यांनी आपल्या घरच्या चालीचं श्रेय मागितलं होतं. 'विथ गॉड ऑन अवर साइड'ची चाल आयर्लंडच्या डॉमिनिक बीअनच्या गाण्याची. बीअन भयंकर संतापला होता, आणि त्यानंही ती चाल आणखी जुन्या गाण्यावरून घेतली होती. गथ्रीचं अमेरिकेत शाळाशाळांतून म्हटलं जाणारं गाणंही कार्टर फॅमिली या गाणाऱ्या कुटुंबाच्या एका भजनाच्या चालीवर आहे.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं. लोकसंगीत असंच चालतं, सगळेच घेतात, चाल कुणाच्या बापाची नसते. हे उत्तर मला अर्धंच पटतं. घेतात हे खरं. पण अल्बमच्या मागे 'शब्द आणि संगीत: बॉब डिलन' असं छापलं आणि कॉपीराइटची नोंद केली की चाल कुणाच्या तरी मालकीची होते. काल जे गायरान होतं त्याला आज कुंपण पडतं, आणि कुंपण घालणारा म्हणतो की इथे तर पूर्वीपासून सगळ्यांचीच गुरं चरत होती. डिसेंबर २०२० मध्ये डिलननं आपल्या सहाशेहून जास्त गाण्यांचे हक्क युनिव्हर्सल या कंपनीला विकले. रक्कम जाहीर झाली नाही, बातम्यांमधला अंदाज तीस कोटी डॉलरच्या वरचा होता. त्यात 'ब्लोइंग इन द विंड' आहे. लिलावाच्या चबुतऱ्यावरून सुटका झाल्याचं गाणं गाणाऱ्यांनी जी चाल घडवली, ती एका सौद्यात एका कंपनीच्या वहीत जमा झाली. गाणी विकण्याला माझा विरोध नाही. आपल्या कष्टाचं मोल म्हातारपणी घेण्यात वावगं काही नाही. पण त्या मोलातला काही भाग त्याच्या कष्टाचा नव्हता, आणि ज्यांचा होता त्यांची नावंही कुठे लिहिली गेली नाहीत.

'पण त्या गाण्यांना रचनाकारच नाही, ती निनावी आहेत' असंही म्हणतात. निनावी म्हणजे काय, याचा विचार आपल्या जात्यावरच्या ओव्यांच्या निमित्तानं करून बघावा. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉटवाँ यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्याही निनावीच म्हणवल्या जात होत्या. या मंडळींनी गाणाऱ्या बाईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. ओवी तिनं रचली की आजीकडून ऐकली, याचा निवाडा करत न बसता ज्या गळ्यातून ती आपल्यापर्यंत आली त्या गळ्याची नोंद केली. नाव नसतं ते बहुतेक वेळा कुणी विचारलेलं नसतं म्हणून.

डिलनच्या उत्तरार्धात ही उसनवारी चालींवरून शब्दांवर आली. २००१ च्या अल्बममध्ये जपानी डॉक्टर-लेखक जुनिची सागा यांच्या एका पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरातली वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी आहेत. सागा रागावले नाहीत, उलट आनंद झाला म्हणाले. ते त्यांचं मोठेपण. २००६ च्या अल्बममध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळातले दक्षिणेतले कवी हेन्री टिमरॉड यांच्या ओळी. दोन्हीकडे नावाचा उल्लेख नाही. २००१ च्या त्या अल्बमचं नाव 'लव्ह अँड थेफ्ट', म्हणजे प्रेम आणि चोरी, आणि तेही अवतरणचिन्हांत छापलेलं, कारण हेसुद्धा एका अभ्यासकाच्या पुस्तकाचं नाव आहे. डिलनचे भक्त याला खेळकर कबुली म्हणतात. मला ती कबुली पुरेशी वाटत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, असं म्हणून आभार मानता येत नाहीत.

नवं लिहायचं असेल तर जुनं घ्यावंच लागतं, आणि डिलननं घेतलेल्या ओळी घेतल्या नसत्या तर आपण मोठ्या गाण्यांना मुकलो असतो, हे मी छातीठोकपणे म्हणेन. सागांच्या पुस्तकातलं एखादं वाक्य त्याच्या गाण्यात येऊन बसलं की त्याचा अर्थच पालटतो. ती किमया त्याचीच. म्हणून तर मला वाटतं की नाव सांगितल्यानं त्याचं काहीच कमी झालं नसतं. सौभद्रातलं पद ऐकताना कंसातल्या लावणीमुळे किर्लोस्कर कधी लहान झाले नाहीत. उलट, ऐकणाऱ्याला दोन्ही गाणी मिळाली.

२०१६ साली त्याला नोबेल मिळालं तेव्हा गाणं हे साहित्य आहे का, यावर जगभर वाद झाला. आपल्याकडे कुणाला त्यात वाद घालण्यासारखं काही वाटू नये. ज्यांचे संत गात लिहीत होते त्यांनी तो प्रश्न कधीच सोडवला आहे. मला वेगळंच वाटत होतं. नोबेल समितीनं मानपत्रात 'अमेरिकी गीतपरंपरा' असा शब्दप्रयोग केला होता. त्या परंपरेतली किती नावं त्या दिवशी कुणी उच्चारली? ती उच्चारायला डिलनपेक्षा योग्य माणूस पृथ्वीवर नव्हता. समारंभाला तो गेला नाही. पॅटी स्मिथनं त्याचं गाणं म्हटलं, मधेच ओळ विसरली, क्षमा मागितली आणि पुन्हा सुरुवात केली. व्याख्यान सहा महिन्यांनी आलं. त्यात बडी हॉली आहे, लेडबेली आहे, आणि सांगितलेल्या कादंबऱ्यांपैकी एकीचा काही मजकूर विद्यार्थ्यांच्या गाइडमधल्या मजकुराशी जुळत असल्याचं लवकरच एका पत्रकार बाईंनी दाखवून दिलं.

नाव घेऊन श्रेय देणं त्याला येत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही, आणि त्याला कारण एक पातळसं माहितीपत्रक आहे. १९९२ साली त्यानं एकट्यानं, साध्या गिटारवर, जुन्या लोकगीतांचा अल्बम केला. त्यातल्या 'जिम जोन्स' या गाण्याची मांडणी आपली आहे अशी तक्रार ऑस्ट्रेलियाच्या मिक स्लोकम यांनी केली. पुढच्याच वर्षी 'वर्ल्ड गॉन राँग' हा तसाच दुसरा अल्बम आला, आणि त्याच्या आत डिलननं स्वतः लिहिलेला मजकूर छापलेला आहे. दहाही गाण्यांबद्दल. हे ब्लाइंड विली मॅकटेलचं, उत्कृष्ट काम. हे फ्रँक हचिसननं म्हटलंय तसं. ही मिसिसिपी शेक्स या मंडळींची गाणी. हे मला जेरी गार्सियानं दाखवलं. हे डॉक वॉटसनच्या एका जुन्या तबकडीवरून उचललं. मधे मधे तो गाण्यातल्या माणसांबद्दल बोलत सुटतो, वाक्यं अर्धवट टाकतो, पुन्हा नावांवर येतो.

ते वाचून झालं की मी अल्बम लावते. दारं-खिडक्या बंद करून एखाद्या खोलीत म्हटल्यासारखा त्याचा आवाज येतो, तारांवर बोटं घासल्याचंही ऐकू येतं. शेवटचं गाणं आहे एका एकाकी यात्रेकरूच्या थडग्याचं, तेच डॉक वॉटसनकडून घेतलेलं. बावन्न वर्षांचा डिलन ते इतक्या हळुवारपणे म्हणतो, की मी दर वेळी ते संपल्यावर डॉक वॉटसनचं ध्वनिमुद्रण शोधून लावते, आणि मग पुन्हा डिलनचं.